आधी कानात, मग फळ्यावर

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या वर्गात मुलं वाढतात. होळी जवळ आली की कमी होतात. हजेरीपटावर वर्षाचं हे येणंजाणं सरळ दिसतं आणि त्याचा उगम शाळेच्या चारी बाजूंना पसरलेल्या द्राक्षबागांत आहे.

माझी शाळा नाशिकच्या पश्चिमेला, गिरणाऱ्याच्या पुढे हरसूलकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. सप्टेंबर-ऑक्टोबरात इकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते आणि तिथून बागेला माणसांचे हात लागतात ते थेट माल निघेपर्यंत. डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायची, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढायची, शेंडे खुडायचे, मणी फुगावेत म्हणून घड डिपिंगच्या द्रावणात बुडवायचे, थिनिंग म्हणजे घडातले दाट मणी विरळ करायचे, काही बागांत घडाला कागद लावायचा. यातलं एकही काम दोन दिवस उशिरा करून चालत नाही. म्हणून पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून मजुरांच्या टोळ्या येतात. गिरणाऱ्यात भल्या पहाटे मजुरांचा बाजार भरतो, तिथून कुणी रोजाने जातं, कुणी मुकादमाबरोबर उक्तं काम घेऊन मळ्यातच राहतं. मळ्यात राहणाऱ्यांची मुलं माझ्याकडे येतात. कधी आईबाप आणून सोडतात, कधी मी आणि गुरुजी मधल्या सुट्टीनंतर बांधाबांधाने जाऊन विचारून आणतो.

शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात वयानुसार वर्ग द्यायचा, कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही, असं स्पष्ट आहे. हा कायदा मला मनापासून आवडतो. पण त्याचा अर्थ वर्गात असा होतो की सात वर्षांची मुलगी दुसरीत बसते, आणि तिची पहिली म्हणजे गावच्या शाळेतले जून ते ऑक्टोबर हे पाच महिने आणि मध्येच कुठल्या तरी मळ्याजवळच्या शाळेतले दोन. तिच्या शेजारी गावातला मुलगा बसतो, ज्याने अंगणवाडीपासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. त्यांच्या मागे पहिलीची पोरं. आणि बऱ्याचदा दाराशी, कुणाच्या तरी मांडीवर, पटावर नाव नसलेलं एक धाकटं भावंडही असतं, कारण आई बागेत गेल्यावर त्याला सांभाळणार कोण? त्याला घरी ठेवून ये म्हटलं तर मोठीही येणार नाही. म्हणून तेही आमचंच.

या सगळ्यांना वाचायला शिकवायचं, हे माझं काम. बाकी पुष्कळ गोष्टी मी दिवसभर करते, पण हे झालं नाही तर त्या बाकीच्यांना फार अर्थ उरत नाही असं मला वाटतं.

वाचणं म्हणजे नेमकं काय होतं, ते फार जवळून पाहायला मिळतं पहिलीच्या वर्गात. मोठ्या माणसाला 'कमल' हा शब्द दिसतो. मुलाला तीन चित्रं दिसतात. ते म्हणतं, क... म... ल. प्रत्येक अक्षराला पुरता अ लावून, ठासून. आता या तीन आवाजांचा शब्द करायचा तर शेवटच्या ल मधला अ गाळावा लागतो, आणि हे कुठे लिहिलेलं नाही. मराठीत आपण तो गाळतो हे मुलाच्या कानालाच माहीत असतं. ज्याने 'कमल' हे नाव ऐकलंय, त्याच्या वर्गात किंवा वस्तीवर कुणी कमल आहे, ते मूल एकदम उडी मारतं आणि म्हणतं, कमल! ज्याने ते ऐकलेलंच नाही, ते तसंच बसून राहतं, क, म, ल, तीनही बरोबर, आणि हाती काही नाही. अक्षरं येतात पण वाचता येत नाही, अशी तक्रार ज्या मुलांबद्दल आपण करतो, त्यातली बरीचशी इथे अडलेली असतात. अक्षरं त्यांना येतात, पण त्या अक्षरांच्या पलीकडे जो शब्द उभा आहे तो त्यांच्या ओळखीचा नसतो.

पुढे वेलांटी येते. काना सोपा, तो अक्षराच्या मागे उभा राहतो आणि आवाजही मागूनच येतो. काका, मामा, बाबा, पाला, गाडा इथवर गाडी बरी चालते. पहिली वेलांटी मात्र डोळ्याला आधी दिसते आणि ओठावर नंतर येते. 'निघाला' वाचताना मुलाचं बोट वेलांटीवर पडतं आणि ते थांबतं. त्याला 'न' सापडलेला नसतो. रफार तर त्याहून अवघड. 'गर्दी' म्हणताना र आधी ऐकू येतो, पण कागदावर तो पुढच्या दी च्या डोक्यावर जाऊन बसतो. हे सगळं मूल दीड-दोन वर्षांत पार करतं, याचं मला इतक्या वर्षांनंतरही फार अप्रूप आहे. मोठेपणी एखादी नवी लिपी शिकायला घेतलेल्या कुणालाही विचारा.

आता एक गंमत सांगते. आमच्या क्रमाने गेलं तर जोडाक्षरं शेवटी येतात. पण माझ्या वर्गातली कित्येक मुलं 'ट्रॅक्टर' हा शब्द 'बदक'च्या आधी वाचतात. ट्र, अर्धचंद्र, क् ला जोडलेला ट, सगळं त्यात आहे. तरी वाचतात, कारण ट्रॅक्टर त्यांच्या कानात, डोळ्यात, अंगात आहे. तशीच 'क्रेट'. उलट तक्त्यावर 'ऐ ऐरणीचा' असं वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे, आणि ऐरण त्यांच्यापैकी एकानेही बघितलेली नाही. तक्ता चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तो कुणाच्या तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या काळात तयार झाला, आणि माझ्या वर्गातल्या मुलांचे शब्द त्यावर यायचे राहिले आहेत. ते आणणं माझ्या हातात आहे.

म्हणून परिपाठ झाल्यावर माझा वर्ग गप्पांनी सुरू होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष हे सगळं व्हरांड्यात चारही वर्ग मिळून होतं. मग आम्ही आत येऊन गोल बसतो आणि मी विचारते, काल काय झालं? पहिल्या दिवशी कुणी बोलत नाही. मळ्यातली मुलं तर अजिबात नाही. त्यांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, काहींकडे वेगळी बोली असते, आणि शाळेत तोंड उघडलं की पोरं हसतात, हा अनुभव त्यांनी आधीच्या कुठल्या तरी शाळेतून आणलेला असतो. मी वाट बघते. वाट बघणं हा माझ्या कामाचा फार मोठा भाग आहे, आणि तो कुठल्याच नोंदवहीत मावत नाही. मग एक दिवस कुणी तरी म्हणतं, मॅडम, तू काल लवकर का गेली? तिथून सुरू होतं.

एकदा एका मुलाने सांगितलं त्यातलं चार ओळींचं मी फळ्यावर लिहिलं. काल बाबा बागात गेला. बागात साप निघाला. बाबा पळाला. मुकादम पण पळाला. वर्ग हसून लोटपोट झाला, आणि मग त्या चार ओळी वाचायला प्रत्येकाला पुढे यायचं होतं. ज्यांना अजून काना नीट येत नव्हता तेही 'पळाला'वर बोट ठेवून बरोबर म्हणत होते. पाठ झालंय म्हणून म्हणतायत, असं कुणी म्हणेल. खरं आहे. सुरुवातीला पाठच असतं. पण मग मी 'साप' पुसून 'बाप' लिहिते, आणि काय बदललं ते शोधायला सांगते. 'पळाला'चं 'जळाला' करते. पाठ असलेल्या वाक्यात एकच अक्षर बदललं की मुलाला ते अक्षर खरोखर बघावं लागतं. ज्या दिवशी बघतं, त्या दिवशी ते वाचतं.

'बागात' लिहावं की 'बागेत', यावर माझं आणि गुरुजींचं पुष्कळ बोलणं झालं आहे. गुरुजींचं म्हणणं, फळ्यावर चुकीचं दिसलं की तेच मनावर ठसतं. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. ते माझ्याहून कितीतरी जुने शिक्षक आहेत आणि त्यांचं अक्षर बघून मी माझं सुधारलं. तरी पहिल्यांदा मी मुलाने म्हटलं तसंच लिहिते. त्याने तोंडाने एक म्हटलं आणि फळ्यावर दुसरं आलं, तर लिहिलेलं म्हणजे आपलं बोलणंच आहे हा विश्वास कच्चा राहतो. तो विश्वास एकदा बसला की दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर, त्याच मुलाला मी शेजारी 'बागेत' लिहून दाखवते आणि पुस्तकात असं असतं म्हणून सांगते. त्याला काही त्रास होत नाही. मुलांना दोन भाषा सहज सांभाळता येतात. मळ्यातली मुलं तर तीन सांभाळतात.

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट, आणि त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरलेलं आहे. उद्दिष्ट योग्यच आहे. यापेक्षा कमी आपण मुलांसाठी मागूच नये. त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं आहे. मी घड्याळ लावून बघते, लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि वेग वाढला की मुलालाही आनंद होतो. माझं लक्ष मात्र 'अर्थ समजून' या दोन शब्दांवर जास्त असतं. माझ्याकडे एक मुलगा सत्तर शब्द वाचतो आणि काय वाचलं विचारलं की खिडकीबाहेर बघतो. त्याच्या घरी शिकवणी आहे, त्याला वेग शिकवला गेला. त्याच्याशी मला परत पहिल्यापासून गप्पा मारायच्या आहेत.

गणितात हे सगळं सोपं जातं, कारण ही मुलं आकड्यांत वाढतात. टोमॅटोची जाळी वीस किलोची, हे गिरणाऱ्याच्या बाजारामुळे पहिलीतल्या पोरालाही माहीत. दोन जाळ्या चाळीस, पाच जाळ्या शंभर, वीसचा पाढा मी शिकवायच्या आधीच अर्धा तयार असतो. दशक-एककासाठी शासनाच्या गणित पेटीतल्या माळा आणि दांडे आहेत, ते वापरतोच. शिवाय छाटणी झाली की काड्या मागून आणते. फवारणी झालेली असते म्हणून त्या आधी धुऊन, चार दिवस उन्हात टाकून मगच मुलांच्या हातात देते. दहा काड्या झाल्या की सुतळीने गठ्ठा बांधायचा. वजाबाकीत एकक पुरेनासे झाले की गठ्ठा सोडायचा. हातचा घेणं आणि उसना घेणं हे त्या सुतळीच्या गाठीत पुरेपूर समजतं.

आणि रोजचा तांदूळ. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ. चौथीची दोन मुलं हजेरी मोजून येतात, फळ्याच्या कोपऱ्यात मांडतात, एकतीस मुलं म्हणजे तीन किलो शंभर ग्रॅम तांदूळ, सहाशे वीस ग्रॅम डाळ, आणि मग स्वयंपाक करणाऱ्या ताईंबरोबर काट्यावर तोलतात. ताई कधी कधी मुद्दाम विचारतात, एवढंच? बरोबर मोजलं ना? मग पोरं पुन्हा मांडतात. दिवाळीनंतर मुलं वाढली की आकडा वाढतो आणि हे त्यांच्याच लक्षात येतं. खिचडी शिजण्याचा वास दीडच्या सुमारास वर्गात येतो. त्या वेळी मी नवीन काही शिकवत नाही. सकाळी फक्त कोरा चहा पिऊन आलेल्या मुलाचं लक्ष त्या वासाकडे असणारच, आणि असावं.

मी राहते नाशकात. पहाटे उठून डबे, मग दुचाकीवर गंगापूर, गोवर्धन, दुगाव करत गिरणाऱ्याकडे. डिसेंबर-जानेवारीत गंगापूर धरणाच्या बाजूने येणारा वारा बोटं बधिर करतो. त्या दिवसांत मळ्यातली मुलं उन्हं वर आल्यावरच येतात, आणि मी त्यांना उशिरा का म्हणून विचारत नाही. बागांचे शब्द मला सासूबाईंनी शिकवले. त्यांचं माहेर निफाडकडचं. फेलफूट म्हणजे काय, शेंडा का खुडतात, कोणत्या कामाला बायका लागतात आणि कोणत्याला पुरुष, हे मी त्यांच्याकडून संध्याकाळी भाजी निवडताना ऐकलं आणि सकाळी वर्गात वापरलं. माझ्या डी.एड.मध्ये हे नव्हतं.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो, तो इथे लिहिते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याखेरीज बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं आहे. ती तीन कामं देशाची आहेत, ती करायला माझी ना नाही. पण त्यापलीकडे दिवसभर फोनवर जी माहिती मागितली जाते, तीच माहिती पुन्हा वेगळ्या तक्त्यात, फोटोसह, आजच, दुपारपर्यंत, तिचा हिशेब कुठल्या कलमात बसतो? कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. त्यातला एक बैठकीला गेला की चार वर्ग एका माणसावर. अशा वेळी पुढे असलेली मुलं आपलं आपण काही तरी करतात. जे मूल नुकतंच बोलू लागलेलं असतं, ज्याच्या शेजारी बसून वाट बघायची असते, त्याचा तास जातो. नुकसान नेमकं त्याचंच होतं, दरवेळी. गुरुजी बैठकीला असतात त्या दिवशी मी चौथीच्या मुलांना पहिलीच्या मुलांजवळ बसवते, एकास एक, आणि मोठ्यांनी लहानांचं ऐकून लिहायचं असं सांगते. चौथीची मुलं फार गंभीरपणे लिहितात. ते कागद मी जपून ठेवले आहेत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुरगाण्याकडून एक मुलगी आली. नाव लिहीत नाही. वय सहा, म्हणून पहिली. धाकट्या भावाला कडेवर घेऊन दाराशी बसायची आणि कुणाशी काही बोलायची नाही. काड्यांचे गठ्ठे बांधायला दिले तेव्हा मात्र तिने एक बांधला तो इतरांहून वेगळा. सुतळीला एकच वळसा, एक ओढ, आणि गाठ पक्की. आई तारेला काडी बांधते ती गाठ. पोरांनी तिला घेरलं, मला दाखव, मला दाखव. तिने दाखवली, आणि दाखवताना बोलली. माझी आई दिवसभर बांधते, म्हणाली. मी तेच फळ्यावर लिहिलं. माझी आई दिवसभर बांधते. तिने ते त्या दिवशी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी ते वाक्य पुसलं नाही, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात राहू दिलं, बाकीचा फळा रोज वापरला. पुढच्या आठवड्यात कधी तरी, खिचडीचं ताट हातात असताना, ती जाता जाता थांबली आणि 'आई'वर बोट ठेवलं. मग 'माझी'. मग भावाला खाली ठेवून पुरतं वाक्य.

संक्रांतीपर्यंत तिची अशी वीसेक वाक्यं झाली. शिवलेल्या वहीत ती तिनेच उतरवली. होळीला गावी गेली तेव्हा शिक्षण हमी पत्रकावर ती कुठवर आली आहे ते मी लिहून दिलं, म्हणजे तिकडच्या शिक्षकांना पहिल्यापासून चाचपायला नको, आणि ती वहीही बरोबर दिली. पत्रक पोचलं की नाही कळायला मार्ग नव्हता. टोळी पुढच्या वर्षी याच मळ्यावर येईल याचीही खात्री नसते.

या वर्षी आली. पहिल्याच आठवड्यात तिचा बाप शाळेत आला, कामाच्या वेळेत, म्हणजे त्याचा अर्धा रोज बुडणार होता. मला वाटलं दाखला हवा असेल. तो व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, मॅडम, पोरीने मुकादमाची वही वाचली. त्याच्या नावापुढे तीन खाडे मांडलेले होते. ते दोन होते. पोरगी म्हणाली, बा, इथं तीन लिहिलंय. मुकादमाने बघितलं, मान्य केलं आणि खोडलं. भांडण वगैरे काही झालं नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. एवढी वर्षं त्या वहीत काय असतं ते टोळीत कुणालाच वाचता येत नव्हतं.

मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर टोळीतल्या सगळ्यांचे दिवस मुकादमाने मांडून दिले होते. तिला आता ह्याची बेरीज शिकवा, म्हणाला, सगळ्यांची एकदम. मी आकडे बघितले. दोन अंकी, आठ-नऊ रकमा एकाखाली एक. ती तेव्हा दोन रकमांची हातच्याची बेरीज करत होती, तीनची अजून घेतली नव्हती. कागद मी ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुसरीच्या सगळ्या मुलांना त्यातल्या पहिल्या तीन रकमा फळ्यावर घालून दिल्या.